एकवीस डिग्रीचा शब्द

भीतीचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फ्रीजच्या दारात सॉसच्या पुड्या साठतात तसे ते आपोआप साठतात, आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर! आमच्या टीमचं तेच झालंय. शुक्रवारी हॉकर सेंटरला, म्हणजे सिंगापूरच्या खाऊगल्लीत, चौघं जेवायला बसलो की कुणीतरी सुरुवात करतं, "ए, तो दिवस आठवतोय का?" मग आम्ही पोट धरधरून हसतो. शेजारच्या टेबलावर वाटत असेल, काय मजेत नोकरी करतात ही माणसं! खरं सांगू का, त्या त्या दिवशी आमच्यातल्या एकाच्याही घशाखाली घास उतरला नव्हता.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. युरोपात एक थंड देश आहे. नाव सांगायची परवानगी नाही, त्यामुळे आम्ही त्याला नुसतं 'तिकडे' म्हणतो. तिकडच्या सरकारनं ठरवलं की घरं तापवायला गॅस जाळणं बंद करायचं, हवेत कार्बन जातो. जुना बॉयलर काढा, विजेवरचा हीट पंप बसवा. वेळेत बसवलात तर अनुदान मिळेल, नाही बसवलात तर अमुक तारखेनंतर तुमच्या गल्लीतला गॅसच बंद! आधी गोंजारायचं, मग दटावायचं, सरकार कुठलंही असो.

लोक घाबरणार हे सरकारलाही ठाऊक होतं. म्हणून अट अशी की, पहिला अख्खा हिवाळा प्रत्येक नव्या पंपावर रात्रीसुद्धा कुणीतरी नजर ठेवायची. तिकडची रात्र म्हणजे सिंगापूरची सकाळ. तेव्हा हार्बरफ्रंटच्या एका इमारतीत, जिच्या खिडकीतून फेरीबोटी दिसतात, आम्ही नऊ वाजता कॉफी घेऊन बसतो आणि सात तास मागे झोपलेल्या घरांचं तापमान बघतो. एकवीस डिग्री म्हणजे उत्तम. अठराला आकडा पिवळा होतो, सोळाला लाल. लाल झालं की फोन करायचा, फोन उचलला नाही की तिकडचा मेकॅनिक पाठवायचा. एवढंच काम. आणि उचलेपर्यंत त्या फोनच्या रिंगा मोजत बसायचं असतं, हे ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं नव्हतं.

*

माझा इंटरव्ह्यू सबनीस सरांनी घेतला. सर मूळचे मुलुंडचे, टीमचे मॅनेजर, वय बावन्न, आणि कुठल्याही संकटात आधी चष्मा पुसणारे. त्यांनी रेझ्युमे बाजूला ठेवला आणि विचारलं, "मंजिरी, थंडीचा काही अनुभव?"

मी पुण्याची. प्रामाणिकपणे म्हटलं, "महाबळेश्वर. डिसेंबरात. तीन दिवस."

सरांनी चष्मा पुसला. "मला फक्त माथेरानचा आहे. या टीममध्ये तू सीनियर!"

मी हसले. मला वाटलं, वातावरण हलकं करण्यासाठी म्हणतायत. जॉइन झाल्यावर कळलं की ते अक्षरशः खरं होतं. तिसरा ओंकार, इथल्याच युनिव्हर्सिटीत उष्णतेवर पीएचडी आणि पोस्टडॉक केलेला. त्यानं आयुष्यात बर्फ पाहिला तो हॉकर सेंटरच्या किसलेल्या बर्फाच्या डिशमध्ये. चौथी मेलिसा, सिंगापूरच्याच क्वीन्सटाउनमध्ये जन्मलेली आणि वाढलेली चिनी मुलगी. ती स्वेटर घालते ते फक्त सिनेमा हॉलमध्ये. अशा चौघांच्या भरवशावर तिकडची माणसं दिवे मालवून झोपत होती. पहिल्या दिवशी हे लक्षात आलं तेव्हा मला घाम फुटला.

*

आमच्या ऑफिसचा एसी इमारतवाल्यांच्या ताब्यात. कमी करा म्हटलं तरी तो कमी होत नाही. सगळे शाली पांघरून बसतात.

एकदा तिकडून टेस्टिंगसाठी घरात बसवायचं मीटर आलं. मेलिसानं ते टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. आकडा आला सतरा. सिस्टिमला काय कळतंय! सिस्टिमनं आपणहून त्याला 'घर क्रमांक शून्य' असं नाव दिलं, पिवळा रंग फासला आणि तिकडे कळवूनही टाकलं.

"वा, वी ऑल्सो नीड रेस्क्यू लाह!" मेलिसा टाळ्या वाजवत तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

पाच मिनिटांत फोन वाजला. तिकडच्या मेकॅनिक लोकांच्या ऑफिसमधून काळजीचा आवाज, "शून्य नंबरच्या घरात कुणी वयस्कर माणूस आहे का?"

सरांनी शाल सावरली आणि हळूच म्हणाले, "एक आहे."

हसून झालं. पण फोन ठेवल्यावर मी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. की-बोर्डवर ती आखडली होती. सतरा म्हणजे हे! आम्ही सहा वाजता लिफ्टनं खाली जातो, दार उघडलं की तोंडावर गरम वाफ येते आणि सगळं विसरतो. तिकडच्यांना लिफ्ट नाही.

*

आता अ‍ॅग्नेस बाई. घर क्रमांक दोनशे चौदा, वय चौऱ्याऐंशी, एकट्या. ऐंशीच्या पुढच्या एकट्या लोकांना पंप बसवायच्या आधी फोन करून समजवायचं असा नियम होता आणि त्यांचं नाव माझ्या यादीत आलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, शाळेत शिकलेलं, सावकाश. त्यामुळे आमचं जमलं.

"माझ्या बॉयलरला एक काच आहे," त्या म्हणाल्या. "आत निळी ज्योत दिसते. झोप मोडली की मी ती बघून येते. तुमच्या पंपात काय दिसतं?"

"दिसत काही नाही, बाई."

"मग तो चालू आहे हे मला कसं कळणार?"

मी समोरच्या कागदावरचं वाचलं, "तुम्हाला उबदार वाटेल."

"आणि नाही वाटलं तर?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं. मी कागद उलटून पाहिला, मागे कोरा. मग त्यांनीच विचारलं, "तुझ्याकडे थंडी आहे?"

आम्ही सिंगापुरात बसतो हे सांगायची सक्त मनाई. मी खिडकीबाहेर बघितलं. बत्तीस डिग्री, ऊन मी म्हणत होतं. "आहे," मी म्हटलं.

"तुझ्या घरी हा पंप आहे?"

"आहे."

"उबदार असतं?"

"एकवीस डिग्री. कायम."

"मग मी सही करते. तू सांगतेस म्हणून."

फोन ठेवला तर मागे सर उभे. "सेल्समध्ये जायला हवं होतंस!" मला मात्र रडू यायचं बाकी होतं. त्यांच्या गल्लीतला गॅस बंद व्हायला अजून एक वर्ष होतं. अजून एक हिवाळा त्या ज्योत बघत झोपू शकल्या असत्या. माझ्या खोट्या घरातल्या खोट्या पंपावर विश्वास ठेवून त्यांनी ती विझवली. त्या दिवसापासून ऑफिसात आले की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी मी दोनशे चौदा बघायची. बाकीची घरं ही नोकरी होती, हे घर म्हणजे माझा दिलेला शब्द होता.

*

ओंकार कधी घाबरत नाही. सगळं फिजिक्समध्ये बसतं असं त्याचं म्हणणं. एका सकाळी तो स्वतःहून माझ्या टेबलाशी आला, चेहरा पांढराफटक.

"हे घर बघ. नऊ दिवस पंपानं एक युनिट वीज घेतलेली नाही. बाहेर उणे सहा. आणि घरात एकवीस."

"मग?"

"मग म्हणजे काय मग? उष्णता येतेय कुठून? घराला आग तर लागली नसेल?"

नऊ दिवस लागलेली आग! पण ओंकारचा चेहरा बघून मलाही हसू येईना. फोन लावला. पाचव्यांदा एका पुरुषानं उचलला आणि कुजबुजला, "तुम्ही सरकारकडून बोलताय का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यानं जुना बॉयलर काढलाच नव्हता. कागदपत्रांना शेजाऱ्याच्या काढून टाकलेल्या बॉयलरचा फोटो जोडला आणि आपला बॉयलर तळघरात कपाटामागे लपवून चालू ठेवला. "पंप वाईट आहे असं नाही हो," तो म्हणाला, "पण घरात तान्हं मूल आहे. मध्येच बंद पडला तर? एवढा एक हिवाळा जाऊ दे, मग काढतो. कुणाला सांगू नका."

आता हे कळवायचं की नाही? सरांनी चष्मा पुसला, परत पुसला. "आमच्याकडे गॅस येऊन चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले, "आईनं रॉकेलचा स्टोव्ह अजून माळ्यावर ठेवलाय. पिन लावून!"

मग त्यांनी रिपोर्ट सांगितला आणि ओंकारनं टाइप केला: 'घर उबदार. मालक सावध.'

*

आता जो किस्सा सांगते त्यात चूक आमचीच, आणि ती आमच्यासारखीच माणसं करू जाणोत.

जानेवारीत तिकडून मागणी आली की लोकांची वीज वाचावी म्हणून सोप्या दहा सूचना लिहून द्या. सरांनी एका बैठकीत लिहिल्या. चौथी सूचना होती, 'वापर झाला की मुख्य बटण बंद करा.'

मी वाचलं, बरोबर वाटलं. लहानपणापासून कानावर तेच. बाथरूममधून पाय बाहेर पडायच्या आत आई ओरडायची, "गीझर बंद केलास का?" ओंकारनं वाचलं, बरोबर वाटलं. पीएचडी उष्णतेवर, पण संस्कार आईचेच! शेवटी मेलिसाला दाखवलं, म्हटलं ही बाहेरच्या नजरेनं बघेल. ती म्हणाली, "करेक्ट लाह. माय मदर ऑल्सो स्कोल्ड मी. बाथ फिनिश, स्विच ऑफ!" चौघांनी सही केली. कागद छापून घरोघरी गेला.

हीट पंप म्हणजे गीझर नव्हे. तो दिवसरात्र मंद चालत राहतो आणि घर गार पडू देत नाही. एकदा बंद केला आणि भिंती थंड झाल्या की परत तापायला अख्खा दिवस घेतो. हे आम्हाला ठाऊक होतं. चौघांनाही! पण ते पुस्तकात होतं आणि गीझर हाडात होता.

कागद पोचला त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी आले तर स्क्रीन लालच लाल. पर्स हातातच होती. दोनशे चौदा बघितलं. अकरा.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. तिकडे पहाटेचे दोन, म्हणजे बाई जाग्याच होत्या.

"बाई, पंप बंद आहे!"

"हो, मीच केला," आवाज कापत होता. "कागदावर लिहिलंय तसं. झोपेत मी तो वापरत नाही ना?"

मी पर्स टेबलावर टाकली. "आत्ता चालू करा. लगेच."

"बटण तळघरात आहे. अंगावर कोट आहे, पण बोटं नीट वळत नाहीत. सावकाश जाते."

त्यांनी फोन हातात धरून जिना उतरायला सुरुवात केली. मला एकेक पायरी ऐकू येत होती. अंधार, चौऱ्याऐंशी वर्षांचे गुडघे आणि मी सांगितलं म्हणून. मध्येच आवाज थांबला. मी ओरडले, "बाई?" अख्ख्या मजल्यानं माना वळवल्या. "आहे गं, श्वास घेतेय," त्या म्हणाल्या. मग बटणाचा खट्ट आवाज आला.

संध्याकाळपर्यंत मी खुर्चीतून उठले नाही. बारा. साडेतेरा. पंधरा. मेलिसानं कॉफी आणून ठेवली, ती तशीच राहिली. पाच वाजता सतरा झाले तेव्हा परत फोन केला.

"तुझ्या घरी झोपताना बंद करतेस का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही. बाई, ती सूचना चुकीची होती. आमची चूक झाली."

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं."

त्या दिवशी सुदैवानं कुणालाही काही झालं नाही. वरून दोन ओळींचा मेल आला, चौथी सूचना रद्द. ओरडलं कुणीच नाही आणि त्यामुळे जास्तच भीती वाटली. सर दिवसभर जेवले नाहीत. शेवटी त्यांनी मुलुंडला आईला फोन लावला, स्पीकरवर, आणि सगळं सांगून म्हणाले, "आई, तुझ्या त्या गीझरपायी आज माणसं मेली असती!"

पलीकडून ताडकन उत्तर आलं, "मी तुला गीझरचं सांगितलं होतं, अख्ख्या देशाचं नव्हतं सांगितलं!"

*

ही भीती घरी पण आली. आमचा फ्लॅट यिशुनला, अकराव्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नाही. तरी मी हॉलमध्ये एक थर्मामीटर लावला आणि येता-जाता बघायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, घामाघूम झालोय, एसी लाव!" मी म्हटलं, "चोवीसच्या खाली नाही." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला.

माझी मुलगी सात वर्षांची. तिची मैत्रीण खेळायला आली आणि थर्मामीटरकडे बोट दाखवून विचारलं, हे काय?

"माय ममी स्केअर्ड द हाउस विल गेट कोल्ड."

मैत्रिणीनं खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. "हिअर? इन यिशुन?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. हसू येत होतं, तरी परत येताना थर्मामीटर बघितलाच.

*

आणि ही गोष्ट फेब्रुवारीच्या शेवटची. हिवाळा आता सरत आला, सुटलो, असं आम्ही एकमेकांना म्हणायला लागलो होतो. मी दर आठवड्याला अ‍ॅग्नेस बाईंना फोन करायची. परवाच त्या म्हणाल्या होत्या, "तुझा पंप चांगला आहे." चांगला आहे! मी ते सगळ्या टीमला सांगितलं होतं.

दुपारचे दोन वाजून गेले होते, म्हणजे तिकडे सकाळचे सात. जेवून आले, स्क्रीन बघितला. दोनशे चौदा पिवळं. बघता बघता लाल. सतरा, सोळा, चौदा. असं घसरताना मी कुठलंच घर पाहिलं नव्हतं.

"ओंकार!"

तो धावत आला. "पंप फुल लोडवर आहे. जीव तोडून चाललाय. तरी घर थंड होतंय." त्याचा आवाज चढला. "हे कसं शक्य आहे?"

मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, बंद झाली. परत लावला. तळघर, जिना, सगळं डोळ्यांसमोर आलं. मी काय सांगितलं होतं? परत कुठला चुकीचा कागद गेला होता का? बारा. अकरा. मेलिसा दुसऱ्या फोनवर मेकॅनिकशी बोलत होती, "फास्ट, फास्ट, ओल्ड लेडी, अलोन!" सर मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा पुसला नाही.

चौथ्यांदा कुणीतरी उचलला. आवाज बाईमाणसाचाच, पण अ‍ॅग्नेस बाईंचा नव्हे.

"मी शेजारीण. आपण कोण?"

"पंपवाले! तिथे काय झालंय? घर गार पडतंय, बाई कुठे आहेत?"

"पंपाला काही झालेलं नाही. खिडक्या उघडल्यात मी. सगळ्या."

"बाहेर उणे आठ आहे! आधी बंद करा!"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "आत्ता नको. आमच्याकडे माणूस गेलं की खिडक्या उघडतात. त्याला जायला वाट हवी ना."

एकच गोष्ट विचारायची होती आणि तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. शेवटी विचारलं, "तुम्ही आलात तेव्हा... घर गरम होतं का?"

"हो तर. झोपेतच गेली. पांघरूणसुद्धा पायाशी सारलेलं होतं."

मी रात्रभरच्या तापमानाची रेघ उघडली. एकवीस. एकवीस. एकवीस. पहाटे सहा चाळीसपर्यंत सरळ एकवीस.

मेलिसानं मेकॅनिकला परत फिरायला सांगितलं. सिस्टिम मात्र ऐकेना. लाल घरावर फॉर्म भरल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही. कारण निवडा: पंप बिघाड, वीज बंद, घरात कुणी नाही, खिडकी उघडी. मी 'खिडकी उघडी' निवडलं. लगेच खाली दुसरा प्रश्न आला, 'घरातल्यांना खिडकी बंद करायला सांगितलं का?'

आकडा आठवर आला होता. पंप अजून चालूच होता.

मी 'नाही' दाबलं.

"किती वेळ उघड्या ठेवतात, विचारलंस?" सरांनी हळूच विचारलं.

"नाही विचारलं."

"बरं केलंस," सर म्हणाले. "राहू दे लाल."